पाणी कोण देतं? सायन्स फिक्शन रोलप्लेइंग खेळासाठी भविष्याचा इतिहास कसा रचावा

धुळ्यात आमचा पाच जणांचा गट दर रविवारी दुपारी रोलप्लेइंग गेम खेळतो. एक जण गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा. बाकी चौघं आपापलं पात्र घेऊन बसतात, गोष्ट बोलत बोलत पुढे सरकते, आणि जिथे पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही तिथे फासे पडतात. दोन वर्षं तलवारी आणि राक्षसांचे खेळ खेळून झाल्यावर मी मंगळावरचा खेळ चालवायला घेतला आणि त्यासाठी २०३० ते २२१४ असा चौदा पानांचा इतिहास लिहून काढला. युद्धं, करार, कंपन्या, अध्यक्षांची नावं, सगळं त्यात होतं. पहिल्याच बैठकीत आमच्या शिरपूरच्या मित्राने विचारलं, "हाई सगळं ठीक शे भो, पन मंग आते पानी कोन देस?"

चौदा पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. त्याचं पात्र खाणीतल्या मजुराचं होतं. मजुराला अध्यक्षाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, नळ कोणाच्या हातात आहे हे मात्र माहीत असावंच लागतं. ती पानं बाजूला ठेवून मी सगळं पुन्हा रचलं, या वेळी उलट्या दिशेने: आधी आज काय उरलंय, मग ते कशामुळे उरलं. पहिल्यांदाच असा खेळ चालवायला घेणाऱ्यांसाठी ती पद्धत इथे सांगतोय. उदाहरणं आमच्याच खेळातली आणि आमच्याच मुलखातली आहेत.

आधी आजचा दिवस पक्का करा

खेळ जिथे सुरू होतो ती एक जागा आणि एक दिवस घ्या. पहिल्याच फटक्यात आख्खी सूर्यमाला अंगावर घेऊ नका. जागा शक्यतो खरी निवडा, कारण खरी जागा आपणहून प्रश्न उभे करते. आम्ही मंगळावरचं कोरोलेव्ह विवर घेतलं. ते सुमारे ८२ किलोमीटर रुंद आहे आणि त्यात जवळपास १.८ किलोमीटर जाडीचा पाण्याचा बर्फ साठलेला आहे. पाण्यासाठी वस्ती तिथेच होणार हे उघड आहे. पण हे विवर ७३ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे कित्येक महिने सूर्य उगवतच नाही. म्हणजे सौरऊर्जेवर वर्षभर भागणार नाही, अणुभट्टी लागणार, आणि भट्टी ज्याच्या ताब्यात त्याच्याच हातात बर्फ वितळवणं. एका नकाशावरून सत्तेचा अर्धा प्रश्न सुटला.

मग त्या दिवसाला हे प्रश्न विचारा आणि प्रत्येकाला एका ओळीत उत्तर द्या. पाणी कोण देतं आणि कोणाचं तोडू शकतं? कोणाचं कोणाला देणं आहे? भांडण झालं तर कोणाकडे जायचं? कोणी गेलं तर आधी कोणाला कळवायचं? शाळेत मुलांना काय शिकवत नाहीत? ओळ लांबायला लागली की थांबा. लांबणारी उत्तरं खेळात, खेळाडूंच्या तोंडून येऊ द्या.

पाण्याचं उत्तर आम्हाला मंगळावर शोधावं लागलं नाही, ते धुळ्याच्या पांझरा नदीकाठी होतं. पांझरेवर तीनशे-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, फडांची पिकं पाळीपाळीने बदलायची. शेतकऱ्याची जमीन साधारण प्रत्येक फडात थोडी थोडी असते, म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी झळ सगळ्यांना सारखी बसते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. आमच्या वस्तीतही बर्फाचं पाणी चार फडांत जातं आणि ते सोडणाऱ्याला पाटकरीच म्हणतात. फरक एवढाच की मंगळावर फड कोरडा ठेवला तर पीक जळून भागत नाही, त्या फडाच्या बोगद्यातली माणसं दुसरीकडे हलवावी लागतात. शिरपूरच्या मित्राला उत्तर मिळालं, आणि त्याने पुढच्याच वाक्यात पाटकऱ्याच्या पोरीशी आपल्या पात्राचं लग्न मोडल्याचं सांगून टाकलं. असं व्हायला लागलं की समजा, पाया बसला.

अंतर आणि वेळ यांच्याशी खोटं बोलू नका

नवख्या गेममास्टरचा इतिहास बहुतेक इथेच कच्चा राहतो. पृथ्वीवर काही घडलं की मंगळावर लगेच बंड, लगेच तह. प्रत्यक्षात पृथ्वीवरून मंगळापर्यंत साधा रेडिओ संदेश जायला ग्रहांच्या जागेप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे तिथे फोनवर भांडता येत नाही, पत्रच लिहावं लागतं. सूर्य मधोमध आला की साधारण दोन आठवडे संपर्क धड राहत नाही. यान सोडायची सोयीची वेळ दर २६ महिन्यांनी एकदा येते आणि प्रवासाला सात ते नऊ महिने जातात. नवी माणसं, नवी औषधं, नवे अधिकारी सगळे एकदम, खेपेने येतात. आमच्या वस्तीत माणसाचं वय विचारत नाहीत, "कितव्या खेपेचा?" असं विचारतात.

तुमच्या खेळात ताऱ्यांमधला प्रवास असेल तर वेग काहीही ठरवा, पण एकदा ठरवला की पाळा. १९७७ साली आलेल्या ट्रॅव्हलर या जुन्या खेळात एका उडीला साधारण आठवडा लागतो आणि बातमी यानापेक्षा वेगाने जाऊच शकत नाही. या एवढ्याशा नियमातून दूरच्या सुभेदारांचा स्वतंत्र कारभार, टपाल वाहणारी जहाजं, शिळ्या बातम्यांवर लढल्या गेलेल्या लढाया हे सगळं आपोआप निघतं. वेगाचा नियम म्हणजे इतिहासाचा अर्धा लेखकच.

तीन पिढ्या मागे जा, त्यापुढे नको

एका पिढीला २५ वर्षं धरा. आमचा आज २२१४ मध्ये आहे. २१८९ च्या आसपासचं पात्रांच्या आईबापांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २१६४ चं आजीने सांगितलेलं आहे. २१३९ चं आता फक्त कागदावर उरलं आहे. प्रत्येक थरात दोन-तीन घटना पुरतात. त्यामागचं सगळं एका परिच्छेदात उरका. आपल्याकडेही तसंच असतं. १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा, सुकडी आणि खडी फोडायच्या कामांच्या आठवणी अजून घरोघरी निघतात. त्याआधीच्या दुष्काळांबद्दल विचारलं तर लोक म्हणतात, गॅझेटियर बघा.

तिन्ही थरांचा सूर वेगळा ठेवा, यावर माझा फार जोर आहे. पाहिलेली गोष्ट सांगताना माणूस बारीकसारीक सांगतो आणि चिडतो. ऐकलेली गोष्ट सांगताना ती गोल करतो, त्यात एक नायक आणतो. कागदावरच्या गोष्टीत आकडे असतात, चेहरा नसतो. तुमच्या टिपणातच घटनेपुढे "पाहिलेलं", "ऐकलेलं" किंवा "कागद" असं लिहून ठेवा, म्हणजे टेबलावर ती कोणत्या आवाजात सांगायची हे शोधावं लागणार नाही.

प्रत्येक घटनेला विचारा: मागे काय उरलं?

सगळ्या पद्धतीचा गाभा हाच, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

घटना लिहिली की तिच्यापुढे तिने मागे ठेवलेली एक वस्तू लिहा, अशी की आजच्या बैठकीत एखाद्या पात्राच्या हाताला लागेल. तशी वस्तू सापडत नसेल तर घटना खोडा, मग ती कितीही भव्य असो. सुरुवातीला सुचत नसेल तर सहा बाजूंचा फासा टाका. १ आला तर देणं, २ नियम, ३ शब्द, ४ पडकी जागा, ५ वैर, ६ वाट. बहुतेक वेळा फासा तुमच्या मनातल्यापेक्षा चांगलं उत्तर देतो, कारण तो सवयीच्या वाटेने जात नाही.

आमच्या कागदातली सर्वांत जुनी नोंद २१४१ ची: मजुरांची पहिली खेप. फासा १, म्हणजे देणं. आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादम आधी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस त्याच्या हाताखाली बांधलेला राहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजुरी माणशी नाही, कोयत्यामागे. आम्ही ठरवलं की मंगळावरची पहिली खेप अशाच उचलीवर गेली. प्रवासभाड्याची ती उचल इतकी मोठी होती की २२१४ मध्येही नातवंडांच्या नावावर ती चालू आहे. आणि "कोयता" हा शब्द उरला. बाहेरच्या विरळ हवेतल्या कामाला दोघांची जोडी जाते, तिला कोयता म्हणतात. मंगळावर कोणीही ऊस पाहिलेला नाही. जोडीतला एक मेला तर दुसऱ्याला "अर्धा कोयता" म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला काम मिळत नाही. आमच्यातल्या एकाने अर्धा कोयताच पात्र म्हणून घेतला. त्याने अजून एकदाही आपल्या जोडीदाराचं नाव उच्चारलेलं नाही, आणि आम्ही कोणी विचारलेलंही नाही.

दुसरी घटना २१६६ ची, ऐकलेली: एक खेप आलीच नाही. पृथ्वीवर काय झालं ते मी मुद्दाम ठरवलेलं नाही. २६ महिन्यांच्या जागी ५२ महिने माल नाही, माणूस नाही. फासा २, नियम. आमच्याकडे पाव्हणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. कोरोलेव्हमध्ये दुसऱ्याच्या घरी जाताना आपलं पाणी आपण न्यायचं. ते रिकामं झालं तरी यजमान विचारत नाही, विचारणं हा अपमान. पहिल्या बैठकीत पृथ्वीवरून आलेली एक अधिकारी घरात शिरते आणि सहज पाणी मागते. सगळं घर गप्प होतं. त्या गप्पपणात २१६६ साल आख्खं सांगून होतं, एक तारीख न उच्चारता.

आता घडलेल्या गोष्टींइतकीच न घडलेल्या गोष्टींची यादी करा. मनमाड–इंदूर रेल्वेची मागणी कितीतरी दशकं जुनी आहे. ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली. ती येणार, येणार म्हणून धुळ्यात लोकांनी किती बेत केले असतील. भविष्यातल्या माणसांचेही बेत असेच रखडतील. आमच्या वस्तीत एक बोगदा आहे, तो दक्षिणेच्या वस्तीला जोडायचा होता, चाळीस किलोमीटरवर थांबला. त्या तोंडाशी आता बाजार भरतो.

आणि हलवलेल्या माणसांना विसरू नका. सरदार सरोवरात नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींची नावं रेवानगर, नर्मदानगर अशी आहेत: नदी मागे राहिली, नाव सोबत आलं. तुमच्या नकाशावर एखाद्या वस्तीला नाव देताना आधी विचारा की हे लोक कुठून उठून आले. मग नाव शोधावं लागत नाही. हे लिहिताना एवढंच सांभाळा की ज्यांचं दुःख उसनं घेतोय ते अजून शेजारच्याच जिल्ह्यात राहतात. खेळात त्यांना नुसती बिचारी माणसं करू नका, त्यांना हक्क, राग आणि डावपेच द्या.

कारभार बदलतो, नाव टिकतं

१९०६ साली ब्रिटिशांनी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आज खान्देश नावाचा एकही जिल्हा नकाशावर नाही, तरी पुण्यात कोणी गाव विचारलं तर आपण आधी खान्देशच म्हणतो. भविष्यातल्या साम्राज्यांच्या, संघांच्या सीमा वाटेल तितक्या वेळा बदला, पण लोकांच्या तोंडी एक जुनं नाव राहू द्या. सरकारी कागदावर एक, घरात दुसरं. पात्र कोणतं नाव वापरतं यावरून ते कोणाच्या बाजूचं आहे हे कळतं.

दोन साक्षीदार ठेवा

प्रत्येक मोठ्या घटनेच्या किमान दोन हकिकती लिहा, आणि त्या जुळू देऊ नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आहे. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, कारण बखरीत लिहिलेलं आणि हिशेबाच्या कागदात सापडलेलं यांत फार अंतर असतं. खेळात ही दप्तरंच खजिना होतात. चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. वर संस्कृतात घराण्याची आणि राजांची थोरवी, आणि शेवटी त्या काळच्या बोलीत, मठाला कोणी काय द्यायचं त्याचा हिशेब. मठ गेला, हिशेब उरला. तुमच्या खेळाडूंना भविष्यातला एखादा पडका तळ सापडला तर तिथे सेनापतीचं भाषण ठेवू नका, पाणी-हवेच्या वाटपाची वही ठेवा. त्या वहीत कोणाचं नाव खोडलंय हे ते स्वतः शोधतील, आणि मग तुम्हाला उठून चहा करून आणायलाही वेळ मिळेल.

सण कुठे अडतो ते पाहा

वस्ती जिवंत वाटते की नाही हे पाहायची माझी आवडती परीक्षा: एक घरचा सण तिकडे नेऊन बघा. आम्ही कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातला देवीचा सण, नेली. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, प्रसादाचे रोट होतात आणि ते भाऊबंदकीतच, म्हणजे एका कुळाच्या लोकांतच, खातात, सोमवारी तिला नदीवर नेतात. आता मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, आणि तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. श्रावण कोणता धरायचा? पृथ्वीचं पंचांग धरलं तर कानबाई कधी उन्हात, कधी त्या लांबलचक रात्रीत येते. मंगळाचं धरलं तर ती जवळपास दोन वर्षांनी एकदा येते. आमच्या टेबलावर यावर पाऊण तास वाद झाला, खरा वाद, आवाज चढलेला. शेवटी वस्तीत दोन तट पडले, पंचांगवाले आणि सूर्यवाले, आणि एकाच भाऊबंदकीतले लोक एकमेकांचे रोट खाईनासे झाले. यापेक्षा चांगलं यादवी युद्धाचं कारण मला चौदा पानांत सुचलं नव्हतं. नदीचा प्रश्न तर त्याहून नाजूक. कोरोलेव्हमध्ये नदी नाही, पाटकरी त्या सोमवारी पाटाला एक घटका जास्त पाणी सोडतो. नियमाने तो गुन्हा आहे. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

शब्दांचंही असंच. सगळे शब्द नवे घडवत बसू नका, पाच-सहा जुने शब्द अर्थाने थोडे सरकवा. आमच्याकडे जागल्या म्हणजे हवेचा दाब राखणारी यंत्रणा, आणि म्हातारी माणसं झोपताना अजून तिला "जाग रे भो" म्हणतात.

वही एका पानाची ठेवा, आणि भोकं ठेवा

खेळाडूंना देण्याचा कागद एकच पान, तोही मोठ्या अक्षरात. त्यावर आजचे पाच प्रश्न आणि उत्तरं, तीन थरांतल्या घटना एकेका ओळीत, आणि प्रत्येकीपुढे मागे उरलेली वस्तू. पहिल्या बैठकीआधी एक बैठक नुसती बोलायला ठेवा. तिथे प्रत्येकाने एका घटनेशी आपल्या घराचं नातं जोडायचं: आमचं घर तेव्हा कोणाच्या बाजूला होतं, आम्ही काय गमावलं, काय लपवलं. कोणाला एखादा विषय खेळात नको असेल तर तेही तिथेच विचारून घ्या आणि पाळा.

निदान तीन ठिकाणी मात्र काहीच लिहू नका. नुसतं नाव ठेवा आणि पुढे कोरी ओळ. नंतर एखादा खेळाडू बोलण्याच्या ओघात ती भरेल, तेव्हा त्याला अडवू नका. लगेच वहीत लिहा, आणि ते आधीच्या कशाशी जुळत नसेल तर दोन साक्षीदारांत आणखी एक वाढला असं धरा.

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, म्हणून आमच्या बोगद्यांनाही मी गल्ली नंबर १ ते ७ अशी नावं दिली होती आणि गल्ली नंबर ५ पुढे काहीच लिहिलं नव्हतं. अकराव्या बैठकीत पात्रं चारमधून सहामध्ये पळत होती. मी विचारलं, पाचमधून जाता का? चौघंही थबकले. मग अर्ध्या कोयत्याचा खेळाडू, जो एरवी सगळ्यांत कमी बोलतो, तो म्हणाला, "पाचमध्ये दिवे लावत नाहीत. तिथे आमची जोडी सुटली होती." त्या दिवशी फासे पुन्हा पडले नाहीत. वहीत गल्ली नंबर ५ पुढे आता त्याच्याच अक्षरात तेवढी एक ओळ आहे, आणि पुढे "पाहिलेलं" असं लिहिलेलं आहे.